समुद्रसपाटीचा आकडा

तात्या आत जायला नाही म्हणाले, तेव्हा बाकावरच्या सगळ्यांना वाटलं, म्हातारा शेवटी घाबरला.

त्यात नवल काही नव्हतं. किरणोपचार विभागाच्या त्या लांबलचक बाकावर रोज सकाळी वीस-एकवीस माणसं बसायची आणि आठवड्यातून एखादा तरी त्या जाड दारापाशी जाऊन अडायचा. मग बाकीचे त्याला समजवायचे, पाणी द्यायचे, आणि तो गेला की आपली पाळी किती लांब आहे ते मोजायचे. तात्या मात्र एकोणीस दिवसांत एकदाही अडले नव्हते. पाळी आली की चपला भिंतीशी जोडून ठेवायचे, शर्टाची बटणं चालता चालता सोडायचे आणि कचेरीत हजेरीची सही करायला जावं तसे आत जायचे.

"तात्या, चला ना," त्यांची सून हळूच म्हणाली. "ताई दोनदा बोलावून गेल्या."

"मी आज झोपणार नाही त्या टेबलावर," तात्या म्हणाले. आवाज म्हणजे नुसती खरखर. लाकडावर कानस फिरावी तशी. "आधी तो आकडा कोणी लिहिला ते विचार."

सुनेने हात टेकले. आकड्याचं हे प्रकरण काल संध्याकाळपासून चालू होतं.

तात्यांच्या स्वरयंत्रावर हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ होती. कापून काढली असती तर गाठीबरोबर आवाजही गेला असता. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही वाटा समजावून सांगितल्या तेव्हा तात्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "गाता येईल ना?" डॉक्टरांनी चमकून सुनेकडे बघितलं. गवई आहेत की काय? "गवई कसले," ती म्हणाली, "रोज सकाळी देवापुढे चार ओळी म्हणतात. सूर चाळीस वर्षांत एकदाही लागलेला नाही, पण देवाची अजून तक्रार आलेली नाही." डॉक्टर हसले होते. मग ठरलं, किरणांनी गाठ जाळायची. तेहतीस दिवस, रोज काही मिनिटं. मोजून द्यायचं. कमी पडलं तर गाठ राहील, जास्त झालं तर भोवतालची नाजूक कूर्चा भाजेल आणि आवाज जाईल तो कायमचाच. आणि या तेहतीस दिवसांत बोलायचं नाही. तात्या घरी देवापुढे नुसते ओठ हलवत उभे राहायचे, आणि ते बघवत नाही म्हणून सून त्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

असा माणूस आज बोलत होता, आणि थांबत नव्हता.

तंत्रज्ञ ताई तिसऱ्यांदा बाहेर आल्या. तात्यांना यंत्राखाली झोपवून, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून बाहेरून बटण दाबणं हे त्यांचं काम. "काय झालं तात्या? आज रुसलात?"

"तो फळा," तात्यांनी बोट दाखवलं.

काचेपलीकडच्या नियंत्रण खोलीत भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्यावर रोज सकाळी चार ओळी लिहिलेल्या असत. तारीख, खोलीचं तापमान, हवेचा दाब, आणि खाली हिरव्या शाईत 'यंत्र तपासले, ठीक'. आज दाबापुढे लिहिलं होतं, एक हजार बारा.

"हे गाव डोंगरावर आहे," तात्या म्हणाले. "इथे हजार बारा कधी होत नाही. मी छत्तीस वर्षं इथल्या वेधशाळेत रोज सकाळ-संध्याकाळ पारा वाचलाय. नऊशे पंचेचाळीसच्या वर गेलेला मी बघितला नाही. हजार बारा व्हायला गाव उचलून समुद्रकाठी न्यावं लागेल."

बाकावरचा लांब पल्ल्याच्या गाडीचा ड्रायव्हर हसला. "न्या की तात्या, तेवढीच आमची सहल."

ताईंना हसू आलं, पण त्यांनी आत जाऊन फिजिसिस्ट मॅडमना बोलावलं. यंत्रातून नेमके किती किरण बाहेर पडतात ते रोज मोजण्याची जबाबदारी या बाईंची. चाळिशीच्या आतल्या, डोळ्यांखाली काळं. शनिवार-रविवार दोन्ही दिवस त्या कंपनीच्या इंजिनिअरबरोबर यंत्राशी झुंजत होत्या. यंत्राच्या पोटातला मोजणीचा एक भाग बिघडला होता. तो बदलल्यावर सगळं माप पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं होतं, आणि सोमवारी सकाळी यंत्र वेळेवर सुरू झालं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं होतं.

"आजोबा, तुमचं म्हणणं काय आहे?" त्यांनी विचारलं. सूर आदराचा होता, पण घाईचा.

"तुम्हीच मला सांगितलंत पहिल्या आठवड्यात. शेंगदाण्याएवढी एक पोकळ डबी असते. तिच्यात हवा असते. ती यंत्रासमोर ठेवायची. किरण त्या हवेत जेवढं काम करतील तेवढं मोजायचं."

"बरोबर."

"हवा पातळ असेल तर काम कमी दिसणार. म्हणून दाब बघून आकडा वाढवून घ्यायचा."

"अगदी बरोबर. आणि मी तो घेते."

"पण तुम्ही समजलात, हवा समुद्रावर असते तशी दाट आहे. ती तर पातळ आहे. मग डबीत काम कमी दिसलं. तुम्हाला वाटलं, यंत्रच कमी देतंय. तुम्ही यंत्राला सांगितलं, जास्त दे." तात्यांना खोकला आला. सुनेने बाटली पुढे केली, ती त्यांनी हातानेच परत सारली. "सोमवारपासून ते जास्त देतंय."

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. "आजोबा, आमचा दाबमापक तपासणीला बाहेर गेलाय. पुढच्या आठवड्यात येईल. तोपर्यंत मी रोज सकाळी फोनवर हवामानाचा आकडा बघते. आणि गंमत सांगू? तो आकडा तुमच्याच वेधशाळेचा असतो."

बाकावर पुन्हा हशा पिकला. सून खाली मान घालून चपलेचा पट्टा नीट करू लागली. तो नीटच होता.

तात्या हसले नाहीत. "माझ्या वेधशाळेचाच आहे. म्हणून तर सांगतोय. तो आकडा छत्तीस वर्षं मी बनवायचो."

"बनवायचो म्हणजे?"

"पारा वाचायचा, तो एक आकडा. खरा. तो वहीत राहतो. मग तक्ता काढायचा आणि त्यात डोंगराची उंची मिळवायची. आपण समुद्रकाठी असतो तर पारा किती असता, तो दुसरा आकडा. बाहेर पाठवायचा तो हा. कारण नकाशावर सगळी गावं एका पातळीवर आणल्याशिवाय वारा कुठून कुठे जाणार ते कळत नाही. फोनवर येतो तो नकाशासाठीचा. इथल्या हवेचा नाही." ते थांबले, श्वास घेतला. "सोमवारी वाटलं, लिहिताना चूक झाली असेल. मंगळवारी हजार दहा झाला, काल हजार अकरा. म्हणजे कोणीतरी रोज मन लावून बघतंय. फक्त चुकीच्या खिडकीतून."

हातातल्या पेनचं टोपण मॅडमनी काढलं, लावलं, काढलं. ताई त्यांच्याकडे बघत होत्या आणि ताईंचं हसू केव्हाच गेलं होतं.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. बाक भरलेला, यंत्र उभं, घड्याळ पुढे गेलेलं.

"काय चाललंय? पहिला पेशंट अजून आत नाही?"

कोणीतरी सांगितलं. डॉक्टर तात्यांच्या शेजारी येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. नेहमी शेजारी बसूनच बोलायचा. "तात्या, एक दिवस चुकवला की गाठीला एक दिवसाची सुट्टी मिळते. तुम्ही हवामान बघा, मी गाठ बघतो. आपापली खाती सांभाळू."

"गाठ तुम्हीच बघा," तात्या म्हणाले. "पण तुमचं औषध मोजणारी डबी हवेत बसते. आणि हवा माझ्या खात्यात येते."

ड्रायव्हर आता हसला नाही.

"बरं," डॉक्टर उठले, आणि त्यांचा आवाज बदलला. "सूनबाई, एक कागद आहे. पेशंटने स्वतःहून उपचार नाकारले असं लिहिलेला. त्यावर सही करा आणि यांना घरी न्या. बाकीच्यांना मी थांबवू शकत नाही. ताई, पुढचा पेशंट घ्या."

कागद आला. सुनेच्या हातात पेनही आलं. घरातल्या प्रत्येक भांडणात ही बाई सासऱ्यांच्या विरुद्ध बाजूला असायची. खिडकी उघडी की बंद, मीठ कमी की जास्त. काल संध्याकाळी तिने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की तात्या, दवाखान्यात जाऊन शहाणपणा शिकवू नका, लोक हसतात. आता तिने कागद वाचला, सगळा वाचला, आणि पेन त्यावर आडवं ठेवून दिलं.

"हे खोटं आहे डॉक्टर. ते उपचार नाकारत नाहीयेत. ते फक्त मोजा म्हणतायत."

"सूनबाई, तुम्हाला कळतंय का—"

"मला हवेतलं काही कळत नाही. पण यांच्याबरोबर अठरा वर्षं राहतेय. हे माझ्या आमटीला नावं ठेवतात तेव्हा आमटी बिघडलेलीच असते. तेवढं कळतं."

ताई पुढच्या पेशंटसाठी दाराकडे वळल्या होत्या. मॅडम त्यांच्याआधी नियंत्रण खोलीत गेल्या. तिथल्या यंत्र चालवायच्या टेबलावर एक किल्ली असते. ती फिरवल्याशिवाय किरण सुटत नाहीत. त्यांनी ती उलटी फिरवली, काढली आणि कोटाच्या खिशात टाकली.

"काय करताय?" डॉक्टर काचेतूनच म्हणाले.

"दहा मिनिटं द्या, सर."

"एकवीस माणसं बसलीत बाहेर."

"म्हणूनच." त्या बाहेर येऊन तात्यांकडे वळल्या. "आजोबा, आता या क्षणी माझ्याकडे दाबमापक नाही. कशावर बघू?"

तात्यांचे डोळे लकाकले. असा प्रश्न त्यांना निवृत्त झाल्यापासून कोणी विचारला नव्हता. "चहाची किटली आहे?"

मुखवटे बनवायच्या खोलीत किटली होती. त्या खोलीत प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून पेशंटच्या चेहऱ्यावर बसवतात, म्हणून तिथे काचेचा एक लांब थर्मामीटरही होता. मॅडमनी आधी तो प्रयोगशाळेतून आणवलेल्या वितळत्या बर्फात बुडवला. बरोबर शून्य. थर्मामीटर खोटं बोलत नव्हता. मग किटलीचं झाकण उघडं ठेवून पाणी चढवलं.

"बुडाला टेकवू नका," तात्या दारातून म्हणाले. "देवाने हवा फुकट दिली, पण तिचं वजन प्रत्येक गावाला वेगळं दिलंय. हवा दाट असेल तर ती पाण्याला दाबून धरते, शंभर अंशांपर्यंत उकळू देत नाही. पातळ असेल तर पाणी आधीच सुटतं. हजार बारा खरा असेल तर पारा शंभराला जाईल. गेला तर मी पाय धरून माफी मागेन आणि मुकाट्याने झोपेन."

डॉक्टर घड्याळ बघत उभे होते. सून, ताई आणि न बोलावता आलेला ड्रायव्हरही. पाण्यात आधी बारीक बुडबुडे आले, मग मोठे, मग सगळं पाणी खदखदायला लागलं. पारा चढत गेला. पंच्याण्णव. सत्याण्णव. मॅडम वाकून बघत होत्या. पाणी किटलीच्या तोंडाशी उसळत होतं, वाफेने त्यांचा चष्मा पांढरा झाला, तो त्यांनी काढून टाकला. सत्याण्णवच्या वर, पण अठ्ठ्याण्णवच्या खाली पारा थांबला आणि थांबूनच राहिला.

"अजून उकळू दे," डॉक्टर म्हणाले.

अजून उकळलं. पारा हलला नाही.

मॅडम सरळ झाल्या. त्यांचा चेहरा किटलीइतकाच गरम झाला होता. "सर, मी चुकले. सोमवारपासून. आजोबा बरोबर आहेत."

डॉक्टर थर्मामीटरकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून खाली बसले. "किती जास्त?"

त्यासाठी नेमका आकडा हवा होता. तात्यांनी सुनेच्या फोनवरून वेधशाळेत फोन लावला. तिथे आता त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस होता. "अरे, मी बोलतोय. हो, आवाज असाच झालाय. पाठवायचा आकडा नको सांगू. भिंतीवरचा वाच. नाही, मी धरतो, तू उठून वाच." थोडा वेळ गेला. "नऊशे तेहतीस," तात्यांनी सांगितलं, आणि मॅडमनी तो तळहातावरच लिहिला.

हिशेब निघाला. शंभराच्या जागी एकशे आठ, साडेआठ. तीन दिवस. मिळून पाव दिवसाचं जास्त. डॉक्टरांनी मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर थोडा रंग परत आला होता. "पाव दिवस. हे भरून काढता येईल. उरलेल्या दिवसांतून तेवढं कमी करू. तुमच्या आवाजाला धोका नाही, तात्या. पण हे पुढचे चौदा दिवस असंच चाललं असतं तर..." ते वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

माप पुन्हा लावायला दोन तास गेले. मॅडमनी स्वतः मोजलं. मग दुसऱ्या यंत्रावरच्या फिजिसिस्टला बोलावून, आपले आकडे झाकून ठेवून, त्याच्याकडून वेगळं मोजून घेतलं. दोन्ही जुळले. मग त्यांनी फळा पुसला, नवे आकडे लिहिले आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "आता बाहेर सांगायला हवं."

"सांगू. सावकाश. एकेकाला बोलावून. कागद मी आजच दुरुस्त करतो. पण एकदम सगळ्यांना सांगितलं तर बाकावर आग लागेल."

तात्या तिथेच भिंतीला टेकून उभे होते. घसा धरून आला होता, तरी म्हणाले, "एकेकाला सांगायचं म्हटलं की शेवटचे चार जण राहून जातात. मी सोमवारी गप्प बसलो. मंगळवारी गप्प बसलो. कालही गप्प बसलो. त्या तीन दिवसांचं मलाही उत्तर द्यावं लागणार आहे. मला पुन्हा गप्प बसायला लावू नका आता."

डॉक्टर काही म्हणणार होते. पण मॅडम तोवर बाहेर गेल्या होत्या.

त्या बाकासमोर उभ्या राहिल्या. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी ते मागे बांधले. "तुम्हा सगळ्यांना काही सांगायचंय. सोमवार, मंगळवार आणि बुधवारी तुम्हाला किरण ठरल्यापेक्षा आठ-साडेआठ टक्के जास्त दिले गेले. यंत्राची चूक नाही, इंजिनिअरची नाही. माझी आहे. आता दुरुस्त केलंय. तुमचा प्रत्येकाचा पुढचा हिशेब डॉक्टर आज बदलतायत, तो कागदावर तुम्हाला मिळेल."

"म्हणजे तीन दिवस आम्हाला भाजलं," ड्रायव्हर म्हणाला. किटलीपाशी तोच वाकून वाकून बघत होता. पण उकळतं पाणी बघणं वेगळं आणि आपल्या मानेवर आलेलं ऐकणं वेगळं.

"हो. थोडं जास्त."

"आणि आता बरोबर आहे, हे कोण म्हणतंय?"

"मी. आणि माझ्या सहकाऱ्यांनी वेगळं मोजून बघितलंय."

"सोमवारी पण तुम्हीच 'ठीक' लिहिलं होतं ना बाई. हिरव्या शाईत."

मॅडम तिथेच उभ्या राहिल्या. पळून आत जाता आलं असतं, गेल्या नाहीत.

ताई दारात आल्या. "पहिला पेशंट," त्या म्हणाल्या. बाकावरचं कोणी हललं नाही. एका बाईने आपली पिशवी उचलून छातीशी धरली. कोणी छताकडे बघत होतं, कोणी पावलांकडे. जे जाड दार रोज भीतभीत का होईना उघडलं जायचं, ते आज नुसतं उघडं राहिलं.

तात्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं.

सून एकदम पुढे झाली. "तात्या, आज राहू द्या. उद्या बघू."

"सकाळी तर तू मला ढकलत होतीस."

"सकाळी मला माहीत नव्हतं."

"सकाळी माहीत नसताना घाबरली नाहीस. आता माहीत झाल्यावर कशाला घाबरतेस?" त्यांनी दुसरं बटण सोडलं.

"म्हातारबा," ड्रायव्हर म्हणाला, "सकाळी तुम्हीच पाय रोवून बसला होता. जाणार नाही म्हणून."

"मी आकड्याला नाही म्हटलं होतं. उपचाराला नाही." तात्या फळ्याकडे गेले, काचेला नाक लावून दाबाचा आकडा वाचला, मग तापमान, मग पुन्हा दाब. "हा मला पटला. गळा माझा आहे, पहिला मीच जातो."

ते आत गेले. नियंत्रण खोलीच्या पडद्यावर ते टेबलावर आडवे झालेले दिसले, मग ताईंनी मुखवटा बसवला, चारी बाजूंनी खटके लावले आणि बाहेर येऊन दार लोटलं. मॅडमनी खिशातून किल्ली काढून लावली. दारावरचा लाल दिवा लागला. सुनेचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण तिच्या शेजारी बसलेल्या बाईने पिशवी खाली ठेवली आणि तीही ओठ हलवू लागली. पडद्यावर तात्यांची छाती वर जात होती, खाली येत होती, एका लयीत, घाई नसलेल्या माणसाची.

दिवा विझला. तात्या बाहेर आले तेव्हा गालांवर जाळीचे चौकोन उमटले होते. बटणं लावत ते बाकासमोर थांबले. आता आवाज जवळजवळ उरलाच नव्हता. त्यांनी नुसती ड्रायव्हरकडे बघून भुवई उडवली.

ड्रायव्हर बसून राहिला. मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटत उठला, दारापर्यंत गेला आणि मागे वळला.

"बाई," तो मॅडमना म्हणाला, "मी बाहेर येईपर्यंत तुम्ही तिथेच उभ्या राहायचं. चहाला जायचं नाही."

"इथेच आहे," मॅडम म्हणाल्या. "जा तुम्ही."